मणकेगुरू आणि आखूड पाय

बॅडमिंटनच्या हॉलमध्ये त्या सकाळी बॅडमिंटन सोडून सगळं चाललं होतं. कुणी कमरेवर हात ठेवून उभं होतं, कुणी बायकोच्या खांद्याला लोंबकळत होतं, तर कुणी नुसतंच ‘आई गं’ म्हणत भिंतीला टेकलं होतं. मध्ये एक उंच खुर्ची होती आणि खुर्चीपुढे पांढऱ्याशुभ्र ट्रॅकसूटमध्ये साक्षात मणकेगुरू.

“शरीर म्हणजे काय?” गुरूंनी विचारलं. शरीर घेऊन आलेल्या एवढ्या माणसांत एकालाही ते ठाऊक नव्हतं. “शरीर म्हणजे इमारत! मणका म्हणजे खांब! खांबातली चकती सरकली की पाय आखूड होतो. डॉक्टर काय करतात? फोटो काढतात. फोटो काढून दुखणं जात असतं, तर एकाही फोटोग्राफरची कंबर दुखली नसती! विज्ञान जिथं थकतं, तिथं माझा अंगठा सुरू होतो!”

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवताना अनेकांच्या पाठीत कळ आली, पण ती कोणी हिशेबात धरली नाही.

औषधाच्या दुकानाचे मालक खुर्चीत बसले. गुरूंनी त्यांच्या दोन्ही टाचा तळहातांवर उचलल्या. उजवा बूट डाव्यापेक्षा चांगला बोटभर मागे. सगळ्यांनी ‘अरेरे’ केलं. गुरूंनी डोळे मिटले, झटका दिला. गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आला आणि दोन्ही बूट एका रेषेत.

“चकती जागेवर!” गुरू गरजले.

“पिसासारखं वाटतंय!” मालक म्हणाले आणि कंबर धरूनच खाली उतरले.

दुसऱ्या रांगेत ताई बसल्या होत्या. ताईंनी जन्मभर गणित शिकवलं होतं. उत्तर बरोबर आलं तरी रीत दाखवल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत, हा त्यांचा खाक्या. त्या आल्या होत्या धाकट्या भावासाठी. भावाचा धंदा घरसामान हलवायचा. चौघांनी उचलायचा फ्रीज एकट्यानं उचलून दाखवायला गेला आणि कंबरेपासून पोटरीपर्यंत वीज चमकली. फ्रीज शाबूत राहिला. ताई म्हणत होत्या डॉक्टरांकडे चल. पण भाऊ दोन रविवार इथंच येत होता.

“तो आवाज ऐकलास?” ताई कुजबुजल्या आणि त्यांनी आपली बोटं कटाकट मोडली. “माझ्याही चकत्या बसल्या बघ. अरे, सांध्यातल्या पाण्यात हवेचा बुडबुडा होतो, त्याचा आवाज तो.”

“ताई, इथं तरी शिकवू नकोस. आज तर मला दुखतच नाहीये. गुण आलाय.”

भावाचा नंबर लागला. तो पाय ओढतच खुर्चीपर्यंत गेला. त्यानं वाकून बुटाची नाडी सोडायला घेतली, तोच गुरू ओरडले, “बूट काढायचे नाहीत! देहातली वीज जमिनीत जाते!”

आणि मग गुरूंनी जाहीर केलं, “उजवा पाय आखूड!”

ताई ताडकन उठल्या. “कुठला म्हणालात?”

“उजवा. बोटभर.”

“गुरुजी, हा लहानपणी भिंतीवरून पडला, तेव्हापासून याचा डावा पाय आखूड आहे. उजवा नव्हे. डाव्या बुटात जाड टाच घालून फिरतो बिचारा. तुम्ही आधीच लांब असलेला पाय आणखी लांब करणार?”

गुरू हसले. “बाई, तुम्ही हाड बघता. मी ऊर्जा बघतो.”

“मग ऊर्जेला बूट कशाला?” म्हणत ताईंनी भावाचे दोन्ही बूट ओढून काढले. डावी टाच उजवीपेक्षा बोटभर वर, सगळ्यांना दिसेल अशी. मग त्यांनी औषधवाल्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं, टाचा उचलल्या, आणि डाव्या बुटाची टाच अंगठ्यानं हळूच खाली ओढली. बूट पायातून जरा निसटला आणि पाय लांब दिसायला लागला. “म्हणजे उजवा आखूड! आता डावा बूट परत आत ढकलायचा आणि नाटक उजवा ओढल्याचं करायचं. झाला चमत्कार. म्हणून तर यांच्या जाहिरातीच्या पत्रकात लिहितात, सैल बूट घालून या.”

“पण मला गुण आलाय!” भाऊ रडवेला झाला. “दुखायचं थांबलंय. बसल्यावर खाली खुर्ची आहे का नाही, तेसुद्धा कळत नाही.”

ताईंच्या हातातल्या औषधवाल्यांच्या टाचा सुटल्या. “कळत नाही? आणि लघवी?”

“रात्रीपासून होतच नाहीये. सकाळी दारातच गुरूंना विचारलं, तर म्हणाले, देह शुद्ध होतोय.”

ताईंनी वाद तिथंच टाकला. खालच्या मजल्यावर पाठ-मणक्याच्या उपचारांचा दवाखाना होता. तिथल्या बाई कायरोप्रॅक्टर, हातानं मणक्याचे उपचार करणाऱ्या. त्यांनी भावाला झोपवलं, पायाचे अंगठे वर ओढायला लावले, टाचणीनं जांघेपाशी टोचून विचारलं आणि हात मागे घेतले.

“मी यांना हात लावणार नाही.”

“वरचे हात लावून चमत्कार करतात,” भाऊ पुटपुटला, “आणि तुम्ही न लावता?”

“अहो, चकती सरकत बिरकत नाही. दोन मणक्यांमध्ये गादी असते. शिवण उसवून कापूस बाहेर यावा, तसा तिच्यातला गर बाहेर येऊन नसांना दाबतो. बहुतेकांची ती गादी काही आठवड्यांत आपोआप शांत होते, तेव्हा माझ्यासारखीचा थोडा उपयोग होतो. पण तुमची बसायची जागा बधिर आहे आणि लघवी अडलीय. पाठीच्या कण्याच्या मुळाशी नसांचा जुडगा दाबला गेलाय. दुखायचं थांबलं, कारण नसा मुक्या होताहेत. आत्ता ऑपरेशन नाही झालं, तर जन्मभर लघवीची नळी. उठा!”

त्याच संध्याकाळी इस्पितळात ऑपरेशन झालं. पुढे काही दिवसांनी नळी काढली. भाऊ संडासात गेला आणि दाराबाहेर ताई, त्याची बायको, नर्स, सगळ्या श्वास रोखून उभ्या. आतून धार ऐकू आली, तेव्हा परीक्षेचा निकाल लागावा तशा मिठ्या पडल्या. डावं पाऊल मात्र अजून जरा घसटतं.

औषधवाले भेटायला आले. “गुरूंनी आधी मणका सैल केला होता, म्हणून ऑपरेशन सोपं गेलं. माझी कंबर पुन्हा धरलीय. या रविवारी जाऊन येईन म्हणतो.”

ताईंनी तोंड उघडलं, पण उत्तर भावानंच दिलं.

“जा की. आधी एवढं बघा. पायातली ताकद गेलीय? बसायची जागा बधिर झालीय? लघवी अडलीय किंवा कळेनाशी झालीय? यातलं एकही असेल, तर कुणाचीच रांग धरू नका, थेट इस्पितळ गाठा. पडल्यावर दुखलं, ताप आला, तरी आधी डॉक्टर. तसलं काही नसेल, तर अंथरूण धरू नका, थोडं हिंडत राहा आणि डॉक्टरांकडून तपासून घेऊन हॉलखालच्या बाईंकडे जा. त्या हात लावायच्या आधी दहा प्रश्न विचारतील, आणि हात लावायचा नसेल तर तसंही सांगतील.”

“आणि गुरू?”

“त्यांना तुम्ही एकच प्रश्न विचारा,” भाऊ म्हणाला. “अनवाणी येऊ का?”