बोटीचं मावंदं

आदर्शनं बंगळुरातून आई-वडिलांचं बोटीचं तिकीट काढलं, तेव्हा गावाकडं कंग्राळीत सगळ्यात आधी हसू झालं ते वाटेचं. बोट जाणार होती मुंबईहून गोव्याला आणि परत मुंबईला. कंग्राळीतला माणूस सकाळी चहा पिऊन चोर्ल्याच्या घाटानं निघाला, तर जेवायच्या आत गोव्यात असतो. आता त्याच गोव्यासाठी आधी बसनं उलट्या दिशेला मुंबई गाठायची आणि तिथून पाण्यातून परत खाली उतरायचं. "अरं आण्णा, त्यापेक्षा माझ्या मोटरसायकलवर बस की!" असं भरमानं आपल्या थोरल्या भावाला, म्हणजे आदर्शच्या वडिलांना, आण्णाप्पाला, पुन्हा पुन्हा सांगून बघितलं.

शालूबाईला मात्र वाट कुठूनही गेली असती तरी चाललं असतं. लेकानं फोनवर सांगितलेलं एकच वाक्य तिनं पदराला गाठ मारल्यासारखं जपून ठेवलं होतं. "आई, तिथं तुला काही करायचं नाही. नुसतं बसून गरम गरम खायचं." या घरात सून म्हणून आल्यापासून शालूबाई गरम जेवली नव्हती. कुणी तिचा छळ करत होतं अशातला भाग नाही. सगळ्यांना वाढायचं, मागून आलेल्याला वाढायचं, म्हशीला आंबोण द्यायचं, आणि मग आपण बसायचं, अशी घराची रीत होती. तोवर भाकरी वातड झालेली असे आणि आमटीवरचा तवंग गोठलेला.

पण आण्णाप्पाची थोरली बहीण, आक्का, ही घरातलं सुप्रीम कोर्ट होती. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली ती इथंच राहिली आणि राज्य करू लागली. तिनं बोटीचा विचार केला आणि निकाल दिला. "काशीत एक गंगा. समुद्रात सगळ्या गंगा जाऊन पडत्यात. म्हंजे ही काशीपेक्षा थोरली यात्रा."

झालं. निघायच्या दिवशी हलगी आली, हार आले, ओटी भरली गेली. गल्लीतली माणसं आण्णाप्पाच्या पाया पडायला रांगेत उभी राहिली आणि त्यानं बोटीसाठी हौसेनं घेतलेली फुलाफुलांची अर्धी चड्डी बॅगेच्या पार तळाला गेली. आक्कानं समुद्राचं पाणी आणायला तांब्याचा गडू दिला आणि शालूबाईच्या कानात सांगितलं, "आलीस की मावंदं घालायचं. यात्रा करून आलं की गावाला जेवण घालावं लागतंय. सगळ्या गल्लीला पुरणाच्या पोळ्या. तुझ्याच हातच्या." बसनं शेजारचं काकती गाव ओलांडायच्या आत शालूबाई बोटांवर पुरणाची डाळ मोजू लागली होती.

बोट कसली, गावच ते! पाण्यावर उभी केलेली दहा मजली इमारत. चढल्या चढल्या सगळ्यांना भगवी जॅकेटं घालून डेकवर उभं केलं, बोट बुडाली तर काय करायचं ते शिकवायला. आण्णाप्पाला वाटलं हा सत्कार आहे. तो हात जोडून शेवटपर्यंत नारळाची वाट बघत राहिला.

खोलीत परतले तर पलंगावर टॉवेलाचा हत्ती. खोली आवरणाऱ्या पोरानं कौतुकानं घडी घालून ठेवलेला. शालूबाईनं सोंड बघितली, पटकन चपला काढल्या आणि हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी टॉवेलाचं माकड आलं, त्याला मारुती म्हणून शेजारी बसवलं. तिसऱ्या दिवशी हंस आला. तो सरस्वतीचा. सगळे टॉवेल असे देवाला लागल्यावर आण्णाप्पा अंघोळ करून बाल्कनीत वाऱ्याला उभा राहू लागला.

गडूचाही घोटाळा झाला. समुद्र एवढा खाली की दोरी कुठून आणायची! शेवटी आण्णाप्पानं इकडं-तिकडं बघितलं आणि बोटीवरच्या पोहायच्या हौदात गडू बुडवला.

आणि जेवण? सकाळपासून झोपेपर्यंत काही ना काही मांडलेलंच. जेवण तिकिटात, बाटलीतलं सरबत मात्र वेगळं, हे कळल्यावर आण्णाप्पानं फुकटच्या चहाच्या मशीनशेजारी मुक्काम ठोकला. शालूबाई पहिल्या दिवशी सवयीनं मांडणीच्या पलीकडं गेली, पळी उचलली आणि एका गुजराती कुटुंबाला आग्रहानं भात वाढू लागली. पांढऱ्या टोपीतल्या माणसानं तिला अदबीनं हाताला धरून खुर्चीवर आणून बसवलं. मग त्यानं तव्यावरचा टम्म फुगलेला फुलका थेट तिच्या ताटात टाकला. शालूबाईनं घाईनं घास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तोंड भाजलं व्हय?" आण्णाप्पानं विचारलं.

"भाजलं की. लई बरं वाटलं."

बोट गोव्याच्या मुरगाव बंदराला लागली, तशी आण्णाप्पाला घराची ओढ लागली. "हितनं घर जवळ हाय बघ. भरमाला गाडी घिऊन बोलवतो. सांजंला धारंला पोचतोय. परत मुंबईला कशाला जायचं?"

"तुम्ही जावा," शालूबाई म्हणाली. "माझी अजून जेवणं ऱ्हायल्यात."

आण्णाप्पानं तिच्याकडं नीट बघितलं आणि तो परत चहाच्या मशीनकडं वळला.

घरी आल्यावर मावंदं ठरलं. गल्लीत मांडव पडला, अंगणात चूल पेटली, शालूबाईनं पहाटेपासून पुरण वाटून गोळे करून ठेवले. आक्कानं गडूची पूजा केली आणि तीर्थ तोंडात घेतलं.

"वास लई येगळा हाय रं."

"खोल समुद्राचं हाय, आक्का," आण्णाप्पा म्हणाला. आक्कानं भक्तिभावानं आणखी एक पळी घेतली.

मग तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "समुद्राला काय सोडून आलासा?" काशीला गेलेल्या माणसानं तिथं खाण्यातलं काहीतरी सोडायचं असतं. सोडलं की ते पुन्हा जन्मात शिवायचं नाही आणि घरच्यांनीही ताटात वाढायचं नाही. आक्कानं काशीला वांगं सोडलं होतं. तेव्हापासून तिच्या ताटात वांग्याचं देठसुद्धा पडलं नव्हतं.

"कारलं," आण्णाप्पा लगेच म्हणाला. त्यानं कारलं आयुष्यात खाल्लं नव्हतं. मांडवात हशा पिकला.

"आणि तू गं, शालू?"

शालूबाईनं चुलीकडं बघितलं. आता पंगतींमागून पंगती उठणार, मग बायका बसणार, मग राहिलेले, आणि मग ती. तिला एकदम रडूच येऊ लागलं, आणि त्याच झटक्यात ती बोलून गेली.

"मी गार जेवण सोडलं."

"म्हंजे?" भरमानं विचारलं.

"म्हंजे गार झाल्यालं अन्न आता मला चालायचं न्हाय. समुद्रात सोडून आलो मी."

"अगं, ती काय सोडायची वस्तू हाय व्हय?" आण्णाप्पा कळवळला. "एकादी भाजी सोड की!"

"सोडून झालं. आता काय बुडी मारून परत आणू?"

सगळ्यांनी आक्काकडं बघितलं. आक्का शालूबाईकडं बघत होती. काशीच्या घाटावर हे आपल्याला का सुचलं नाही, याचा तिला मनापासून राग आला होता.

"सोडलं म्हंजे सोडलं," ती शेवटी म्हणाली. "शालू, पयल्या पंगतीला बस. आण्णाप्पा, भरमा, उठा, तवा तापलाय."

पहिली पोळी फाटली, दुसरी करपली, तिसरी तव्यावरून उचलताना भरमाच्या मनगटाला चिकटली. शालूबाई पाटावरून सूचना देत होती, "जाळ कमी करा! पीठ लावा!" पण उठली मात्र नाही. अखेर घामानं निथळलेला आण्णाप्पा एक बरी पोळी घेऊन आला. शालूबाईनं वर तूप ओतून घेतलं आणि वाफ असतानाच घास तोंडात टाकला.

आक्का हळूच येऊन तिच्या शेजारी टेकली. "सर जरा. पुढच्या यात्रंला मी बी हेच सोडणार हाय."

"पुढच्या कशाला? आजच बसा की, आक्का." शालूबाई चुलीकडं वळून ओरडली, "अवो, आणखी दोन आणा! गरम हायत तवर!"