दोनदा गिरणीत गेलेला साबण

मी दाढीचा एक जुना साबण आहे, मित्रांनो, आणि मला एका जागी बसवत नाही. तुम्ही म्हणाल, साबणाला कुठे जायचं असतं? बरोबर आहे. पितळी वाटीच्या तळाला चिकटून राहणं हेच माझं काम. पण ज्याला दगडी रुळांमधून पुन्हा पुन्हा भरडून काढलं आहे, त्याच्या अंगात थोडी अस्वस्थता राहणारच. माझ्या वाट्याला तर ते दोनदा आलं. ते का आलं, हेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म नागपूरपलीकडच्या सौंसरचा. संत्र्यांच्या बागा संपून वस्ती सुरू होते तिथे एक पत्र्याची लांब खोली आहे. गावातले लोक तिला साबणाची गिरणी म्हणतात. ती यशवंतरावांनी उभी केली. नवा माल निघाला की ते आधी स्वतःच्या गालावर लावून बघत आणि मगच पेट्या भरू देत. गिरणीवर पाटी नव्हती. त्यांचा गुळगुळीत चेहरा हीच गिरणीची पाटी, असं लोक थट्टेने म्हणत.

मग यशवंतरावांना लकवा झाला. उजवा हात गेला, बोलणं तुटक झालं आणि गिरणी बंद पडली. त्यांनी दाढी करणं सोडलं. दुसऱ्या कुणाला ते गालाला हात लावू देत नसत. त्यांच्या पत्नी पंचफुलाबाईंनी समजावून पाहिलं, पण उपयोग झाला नाही. शेवटी पंचफुलाबाईंनीच ठरवलं, यंत्रं विकून टाकायची. पोळा झाला की नागपूरचा एक माणूस ती बघायला येणार होता.

त्यांची मुलगी सुचिता मात्र अडून बसली. ती लहानपणापासून याच खोलीत वावरलेली. तिने वडिलांकडे साबणाचा एकच घाणा मागितला. हा घाणा नीट उतरला तर गिरणी तिने चालवायची, नाहीतर यंत्रं विकायची. यशवंतरावांनी हो म्हटलं. त्या घाण्यातला मी.

खोबरेल, एरंडेल आणि मेणासारखं दिसणारं स्टिअरिक कढईत वितळवलं, त्यात खाराचं पाणी घातलं आणि लाकडी दांड्याने घोटत घोटत सुचिताने माझा साबण केला. परातींमध्ये घट्ट झाल्यावर माझे पातळ काप काढले आणि चाळण्यांवर वाळत घातले. दाढीच्या कडक साबणाचं सगळं रहस्य या वाळण्यात आहे. काप वाकला तर तो ओला. काड् आवाज करून मोडला तर तो तयार. यशवंतराव काप कानाशी धरून मोडत आणि आवाज ऐकून होकाराची मान हलवत. त्यांनी मान हलवल्याशिवाय रूळ फिरत नसत.

पण दिवस पावसाळी होते. हवा ओलसर, काप वाळता वाळेनात. इकडे पोळा जवळ आलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, दोन काठांवरच्या गावांची दगडफेकीची जत्रा, म्हणजे पांढुर्ण्यात आणि पलीकडच्या सावरगावात पाहुणेच पाहुणे. पांढुर्ण्याचे सलूनवाले रघुनाथराव गिरणीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांना त्याआधी माल हवा होता. सुचिता दर थोड्या वेळाने चाळण्यांशी येई, मला चिमटीत धरून बघे आणि परत जाई. घरात कुणाचाच पाय ठरत नव्हता.

एका सकाळी तिने मला उचलून वडिलांकडे नेलं. त्यांनी मला डाव्या मुठीत धरलं, कानाशी नेलं आणि अंगठ्याने दाबलं. मी वाकलो, मित्रांनो. मोडलो नाही. आवाज आला नाही. सुचिताने ते समोर उभं राहून पाहिलं. यशवंतरावांनी मान हलवली.

तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्या घरात त्यांच्या हलवलेल्या मानेवर कुणी कधी बोललं नव्हतं. मला तेव्हा ओरडावंसं वाटलं, पण साबणाला आवाज कुठून येणार? ती मला घेऊन गिरणीत गेली आणि तिने बटण दाबलं.

ग्रॅनाइटचे तीन रूळ एकमेकांना चिकटून फिरत होते, प्रत्येक आधीच्यापेक्षा वेगाने. आम्ही त्यांच्यामध्ये चेपलो, ताणले गेलो आणि शेवटच्या रुळावरच्या पात्याने रिबिनीसारखे खरवडून काढले गेलो. पुन्हा वर टाकलं, पुन्हा चेपलो. मग पुढच्या यंत्राने आमची घट्ट सुरळी करून बाहेर ढकलली, तिच्या चकत्या कापल्या आणि प्रत्येकीवर छाप उमटवला. संत्र्याच्या सालीचा वास, चकचकीत अंग. दिसायला मी देखणाच होतो. आत ओलावा आहे हे मला माहीत होतं आणि सुचिताला माहीत होतं.

पांढुर्ण्याच्या सलूनमध्ये माझी शोभा झाली. आठवडाभरात मी आकसलो आणि माझ्या कडेला भेगा पडल्या. वाटीत ठेवलं तर सुटून गरगर फिरू लागलो. फेस यायचा, पण वस्तरा गालावर टेकेपर्यंत बसून जायचा. रघुनाथराव आधी ब्रशवर चिडले, मग पाण्यावर, शेवटी माझ्यावर. गोटमार आटोपली तसे ते आमची पिशवी घेऊन बसने थेट सौंसरला आले.

सुचिता दारातच त्यांना म्हणाली की चूक तिची आहे, घाई झाली, बाबांना काही सांगू नका. रघुनाथरावांनी पिशवी तिच्या हाती दिली. पण आत खाटेवर यशवंतराव ताठ बसले होते. त्यांनी पिशवी पाहिली होती.

"यशवंतराव," रघुनाथराव म्हणाले, "तुमचा साबण हाये म्हणून परत आणला. दुसऱ्याचा असता तं फेकून देल्ला असता."

यशवंतरावांनी स्वतःचा गाल पुढे केला. पंचफुलाबाई बघतच राहिल्या. रघुनाथरावांनी मला वाटीत ठेवलं, ब्रश फिरवला आणि वाढलेल्या दाढीला फेस लावला. मी माझी सगळी शक्ती लावली, मित्रांनो. व्यर्थ. डावा गाल होईपर्यंत उजव्या गालावरचा फेस वाळून गेला होता. यशवंतरावांनी हात वर करून वस्तरा थांबवला. मग मला वाटीतून काढून त्यांनी नख रोवलं. नख आत गेलं.

"काप वाजला होता?" त्यांनी विचारलं.

सुचिता जमिनीकडे बघत होती. त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

"नाही, बाबा. वाकला होता. तुम्ही मान हलवली, म्हणून मी..."

"तुले दिसलं होतं?"

"हो."

"मंग बोलली काहून नाही?"

सुचिताच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्या बापाचाही राग आला, त्या मुलीचाही. एकाने न ऐकता मान हलवली, दुसरीने दिसत असून तोंड मिटलं, आणि भेगा पडल्या माझ्या अंगावर. पण यशवंतरावांच्या चेहऱ्याकडे बघून माझा राग टिकला नाही. ते आपल्या कानाला हात लावून बसले होते.

"परत गिरणीत टाक," ते म्हणाले.

रघुनाथरावांनी दुसरा साबण घेऊन उरलेली दाढी उरकायची तयारी दाखवली. यशवंतरावांनी मान झटकली. तेव्हापासून त्यांचा एक गाल साफ आणि एक गाल दाढीचा. तसेच ते अंगणात खुर्ची टाकून बसू लागले. जाणारे येणारे हसत. नागपूरचा यंत्रवाला आला तेव्हा तोही हसला. यशवंतराव त्याला एवढंच म्हणाले, "घाणा बाकी हाये." तो चहा पिऊन गेला.

आमच्या चकत्यांचे पुन्हा काप झाले. पुन्हा चाळण्या, पुन्हा ती वाट बघणं. यशवंतराव खुर्चीत चुळबुळत, मी चाळणीवर. आम्हा दोघांचीही दशा सारखीच होती. रोज ते मला मागून घेत. पहिल्या दिवशी त्यांनी सवयीने मला कानाशी नेलं आणि हात अर्ध्यावर थांबला. त्यांनी तो खाली आणला आणि मला मुलीच्या तळहातावर ठेवलं.

"तूच मोडून पाह्य. मले आता तो बारीक आवाज आयकू येत नाही."

हे त्यांनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पंचफुलाबाईंनाही नाही.

सुचिताने मला वाकवलं. या वेळी ती बोलली. "झालं नाही, बाबा. वाकून राहिलं. थांबा लागन."

यशवंतराव थांबले. दुसऱ्या दिवशी थांबले, त्यानंतरही थांबले. मग पाऊस उघडला, ऊन पडलं, आणि एका दुपारी मी तिच्या बोटांमध्ये काड् करून मोडलो. आयुष्यात मला इतका आनंद कधी झाला नाही. तिने वडिलांकडे पाहिलं, पण मान हलायची वाट पाहिली नाही. तिने बटण दाबलं.

दुसऱ्यांदा रुळांतून निघालो तो मी वेगळाच होतो. नख लागत नव्हतं. त्याच संध्याकाळी सुचिताने माझ्यावर कोमट पाण्याचे चार थेंब टाकले, क्षणभर वाट पाहिली आणि ब्रश फिरवला. फेस दाट आला आणि गालावर टिकून राहिला. वडिलांची उरलेली अर्धी दाढी तिने स्वतःच्या हाताने केली. हनुवटीपाशी थोडं कापलं. यशवंतरावांनी डावा हात उलटा फिरवून गाल तपासला आणि म्हणाले, "पेट्या भर."

आता मी झिजून पातळ झालो आहे. माझ्यामधून वाटीचा तळ दिसतो. रोज सकाळी या वाटीतूनच मी यशवंतरावांच्या गालावर जातो. मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याच्यावर आधी थोडं पाणी घाला, जरा दम धरा आणि काम झालं की वाटी उपडी करून निथळू द्या. आणि काप वाकलेला दिसला तर मोठ्यांनी मान हलवली तरी तसं सांगा. ते रागावतील, पण तुम्ही सांगा.

चाळण्यांवर आज नवा घाणा वाळतो आहे. यशवंतरावांना तो आजच रुळांत घालायचा आहे. सकाळपासून ते तीनदा उठून बघून आले. सुचिताने आत्ताच एक काप उचलून दोन्ही हातांनी दाबला, तो वाकला, आणि तिने तो परत चाळणीवर ठेवला. यशवंतराव खाकरले, खुर्ची ओढली आणि बसले.