ड्रुसिला पेक यांचे मूळपुरुष

मॅसॅच्युसेट्समधल्या त्या गावात माणसाची पत त्याच्या पूर्वजाच्या आगमनाच्या सालावरून ठरे. सोळाशे ऐंशीच्या आत आलेल्यांच्या वंशजांचे तिथे एक मंडळ होते. बाकीचे सगळे उपरे, मग येऊन तीनशे वर्षे का झालेली असेनात. निवृत्त शिक्षिका ड्रुसिलाबाई पेक यांना मेल्यावर थडग्याच्या पाटीवर का होईना, पण मंडळाचे नाव हवे होते. अकरा वर्षे त्या चर्चच्या वह्या आणि थडग्यांवरची पुसट अक्षरे वाचत होत्या. बारा पिढ्या जुळल्या. फक्त मूळपुरुष इझीकिएल पेक गावात कधी आले, याचा कागद मिळेना.

तो नगर कार्यालयातल्या डोलोरेस मेदेरोसला मिळाला. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी.

"बाई, सापडले बघा तुमचे इझीकिएल. सोळाशे चौऱ्याहत्तर."

ड्रुसिलाबाईंना रडूच आले. "जमीन दिली असेल ना त्यांना?"

"तसं नाही हो." डोलोरेसने घसा खाकरला. "'इझीकिएल पेक, बायको, पाच पोरं. जवळ काही नाही. गावावर भार होतील. चौदा दिवसांत गाव सोडावे.' खाली सही जोसाया गेलॉर्डची."

म्हणजे मंडळाच्या अध्यक्षा कॉर्नेलिया गेलॉर्ड यांच्या पूर्वजाची. गरीब माणूस आला की पंचांनी असा हुकूम काढायचा, ही त्या धर्मशील लोकांची रीतच होती.

"दुसरा एखादा बरासा कागद नाही का गं?"

"नाही बाई. हा नसेल तर ते इथे आलेच नाहीत असं धरतील."

ड्रुसिलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखे झाले. कागद दाबावा तर मंडळ गेले, दाखवावा तर अब्रू. दोन दिवस त्यांना घास गेला नाही. शनिवारी बैठकीत त्यांनी तो अध्यक्षांपुढे ठेवला.

कॉर्नेलियाबाईंनी तो चवीने वाचला. "अगं, यांना तर हाकललं होतं."

"हो. तुमच्याच माणसानं."

"मग?"

"गेले नाहीत ते. नाहीतर मी इथे कशी असते?"

नियमात गावात राहण्याची अट होती, गावाने बोलावण्याची नव्हती. कॉर्नेलियाबाईंनी तोंड वाकडे करून सही केली. ड्रुसिलाबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांना खरोखर धन्य वाटले.

पुढचा विषय निघाला. खाडीकडे गरिबांसाठी भाड्याची घरे बांधायचे चालले होते. कोण कुठून येऊन राहील याचा नेम नाही, तेव्हा मंडळाने विरोध नोंदवावा असा ठराव होता. पहिला हात ड्रुसिलाबाईंचा वर गेला.