हलकी बॅटरी

"हे कोणाला पटायचं नाही," असं म्हणत झुलाल आबांनी मेलेली बॅटरी जळगावच्या दुकानातल्या फळीवर ठेवली. "पण धुळ्याला पांझरेच्या वाळूत माझी गाडी रुतली ना, तेव्हा अशीच एक बॅटरी जुवाला बांधली. बैल अलीकडेच, गाडी पलीकडे देवपुरात! बठ्ठं खरं शे."

"आणि बैल मग टपालानं आले का?" सरपंच कौतिकनानांनी विचारलं.

भटू हसला नाही. कापसाच्या जिनमध्ये उजवा हात गेल्यापासून गावाचा रेडिओ सांभाळणं हेच त्याचं काम होतं. सांजच्याला कापसाचे भाव ऐकायला पारावर जमलेला गाव त्याच्या डाव्या हाताकडे बघायचा. पण धुळ्याहून आणलेली बॅटरी पाचच महिन्यांत गेली. ज्याची चूक निघेल, त्यानं पुन्हा रेडिओला शिवायचं नाही, असं बजावून नानांनी रेडिओच्या पेटीची किल्ली आपल्या खिशात टाकली होती.

दुकानदार शालिग्रामशेठनी वरचं डांबर खरवडून प्लेटा बाहेर ओढल्या. त्यांचा ओल्या विटेसारखा चुरा पडला.

"पाणी बरोबर आहे. निगा चांगली राखलीय. पण ही मोटारीची, पातळ प्लेटांची. हिनं एक झटका द्यायचा, मग इंजिनच हिला पुन्हा भरतं. तुमचा रेडिओ रोज हिला पार रिकामी करतो. त्याला ही हवी."

त्यांनी शेजारची जाड प्लेटांची बॅटरी थोपटली. आबांनी ती दोन्ही हातांनी उचलून पाहिली, जेमतेम हलली.

"मग धुळ्याहून मोटारीची आणली कोणी?" नाना यंदाच सरपंच झाले होते, मागचं त्यांना ठाऊक नव्हतं.

भटूनं रिकामी बाही कमरेला खोचली आणि तोंड उघडलं.

"मी," आबा म्हणाले.

नाना पुढचं ऐकायला थांबले. पांझरा आली नाही, बैलही आले नाहीत. आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"भटू जाडच मागत होता. मीच म्हटलं, हलकी घे, न्यायला सोपी."

आबांच्या तोंडून इतकी साधी गोष्ट नानांनी कधी ऐकली नव्हती. ती त्यांना पटली. खिशातून किल्ली काढून त्यांनी भटूपुढे धरली.

भटूनं ती घेतली नाही.

"खोटं कशाला बोलता, आबा? त्या दिवशी तुम्ही एदलाबादला मुक्ताईच्या जत्रेत होता. एका हातानं उचलता यावी म्हणून हलकी मीच निवडली."