चेहरा तेवढा सोडून

पहिल्या खेपेला ती ॲनाटॉमीत नापास झाली ती घोकंपट्टीमुळे. पानंच्या पानं तोंडपाठ. पण परीक्षकांनी हाडावर बोट ठेवलं की शब्द फुटेना. दुसऱ्या खेपेला तिने युक्ती काढली. शरीर पुस्तकात शोधायचं नाही, बाबांमध्ये शोधायचं.

बाबा शिंपी होते. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. डोळे मिटले की ते मशीनवर बसलेले दिसत. ती मनात म्हणे, "बाबा, बाही वर करा." सुई धरताना अंगठा कुठल्या स्नायूने वळतो, पायाने मशीन चालवताना पोटरी कुठे ताठते, एकदा पाहिलं की पक्कं बसे.

एक गोष्ट मात्र उशिरा लक्षात आली. वर गेलेली बाही परत खाली येत नव्हती. आता बाबा आठवले की सोललेलेच आठवत: लाल दंड, पुस्तकातल्यासारख्या पिवळ्या नसा, आणि त्यावर गळ्यात टेप. फक्त चेहऱ्याला तिने हात लावला नव्हता. फोटोत बाबा कधी हसले नाहीत. आईलाही हल्ली त्यांचं हसू नीट आठवत नसे. ते उरलं होतं एकट्या तिच्याकडे.

"चेहऱ्यासाठी माझं थोबाड घे की," तिच्या खोलीत राहणारी लंबू म्हणाली. "भाडं नको, चहा पाज."

तिने लंबूच्या गालावर पेनाने रेषा काढल्या. लंबू खिदळत राहिली, रेषा फिसकटल्या, डोक्यात काही राहिलं नाही.

"अगं, जिवंत माणूस स्थिर बसतो होय!" लंबू गाल पुसत म्हणाली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "रोग्याचा अर्धा चेहरा लुळा पडलाय. हसायला सांगितलं तर काय दिसेल? स्नायू सांग, नस सांग."

लंबूचा गाल काही आठवेना.

"येत नाहीये, की आठवत नाहीये?"

या खेपेला गेलं की कॉलेजच सुटणार होतं. तिने डोळे मिटले. मशीन थांबली. बाबांनी मान वर केली. तिला काही म्हणावंच लागलं नाही. त्यांनीच हनुवटीखाली नख घातलं आणि अस्तर सोडवावं तशी शिवण हळूहळू उसवत नेली.

ती बोलत गेली. नसेच्या कानापुढून निघणाऱ्या पाच फांद्या, ओठाचा कोपरा वर ओढणारा स्नायू, तो कुठून निघतो, कुठे शिरतो.

"पुरे, पुरे. छान! कुणाकडे शिकलीस?"

"घरीच, मॅडम."

बाहेर येऊन तिने आईला फोन लावला. आई आधी रडली, मग हसली. "आज ते असते ना, तर कसे हसले असते गं! तुला आठवतं ना? सांग बरं, कसे हसायचे?"

"गालाच्या हाडापासून एक स्नायू तिरपा खाली येतो..."

"अगं वेडे, बाबांचं विचारतेय मी."

"हो आई," ती म्हणाली. "त्यांचंच सांगतेय."