सगळ्यांनी पाहिलेला कौल

रातांब्यांचे दिवस होते. द्वारकाकाकू आणि गंगुबाई सकाळपासून गंगुबाईच्या पडवीत रातांबे फोडत बसल्या होत्या. कोकमांसाठी सालं परातीत, गर टोपात. दोघींचे हात मनगटाच्या वरपर्यंत लालभडक झाले होते. काकू या वाडीत लग्न होऊन आल्या, त्या वर्षापासून हे असंच चालत आलं होतं. तेव्हा दोघींच्या वेण्या काळ्या होत्या आणि गंगुबाईचा नवरा होता. तो गेला तेव्हा तिची तिशीही उलटली नव्हती. मूल झालंच नाही. मग वाडीतली सगळी पोरं तिचीच झाली. पोर किरकिरलं की बाया म्हणायच्या, "जा, गंगूकडं ने." मग ती मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन दृष्ट काढायची. काकूंचा नितेश, गावकार रावजींचे दोन्ही मुलगे, सगळे तिच्या मुठीखालून गेलेले.

शेजारची श्रद्धा, म्हणजे रावजींची थोरली सून, दगडी गडग्यावरून वाकली. "काकू, ऋत्विकला जरा बघाल? रेशन घेऊन येते. आज उठल्यापासून नुसती किरकिर लावलीन."

"ठेव गो. जा तू."

चार वर्षांचं पोर गंगुबाईच्या मांडीला टेकून बसलं. हात लाल म्हणून तिनं कोपरानंच त्याचं कपाळ चाचपलं. "अंग कोमट लागतंय. दृष्ट असेल मेल्याची."

"ताप असेल. डॉक्टरला दाखवायला सांगू तिला."

"डॉक्टर हायच. माझं मीठ काय त्याला आड येतंय?" असं म्हणत ती हसत उठली. हात न धुताच मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि पोरावरून ओवाळू लागली. ओठांतल्या ओठांत नेहमीचं पुटपुटणं चालू होतं.

श्रद्धा त्याच वेळी परतली. गडग्यापाशी थबकली. मग आत आली, पोर उचललं आणि निघून गेली.

संध्याकाळी ऋत्विकला ताप चढला आणि झटका आला. डोळे फिरले, दातखीळ बसली. रिक्षातून त्याला दवाखान्यात नेलं. ताप डोक्यात चढल्यानं मुलांना असं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं, औषध दिलं. पण घरी परतल्यावर ओटीवर जमलेल्या माणसांसमोर श्रद्धा बोलली ते वेगळंच होतं.

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तिचे हात रक्तासारखे लाल होते. माझ्या पोराच्या डोक्यावरून फिरवत होती, आणि ओठ हलत होते."

"अगो, रातांबे फोडत होतो आम्ही!" काकू पुढं झाल्या. "माझेपण हात लालच होते. हे बघ, अजून हायत."

"तुमचं सोडा हो काकू. तुम्ही भरल्या घरातल्या."

काकूंनी आपले लाल हात पदराला पुसले. पुसून तो रंग जाण्यासारखा नव्हता.

रावजी तसे वाईट नव्हते. कुणाच्या घरी मयत झालं तर लाकडं फोडायला पहिले तेच जायचे. ते म्हणाले, "उगाच कुणावर आळ नको. देवीला विचारू. देवी काय ती दाखवील."

देवीसाठी फुलं नेहमी काकूंच्याच परसातून जायची. त्या सकाळीही त्यांनीच तगरीच्या कळ्या खुडल्या. देवळात दाटी झाली होती. उकडत होतं म्हणून मुंबईकर मंडळानं गेल्या गणपतीत दिलेला पंखा लावला होता. देणगीदारांची नावं रंगवलेल्या खांबाशेजारी तो उभा राहून मान फिरवत होता. पुजाऱ्यानं कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दगडी अंगावर उजवीकडं, डावीकडं चिकटवल्या. रावजींनी गाऱ्हाणं घातलं. "बाई, तुझ्या लेकराला कुणाच्या हातानं पीडा झाली असेल, आणि तो हात गंगुबाईचा असेल, तर उजवा कौल दे."

"होय महाराजा!" सगळे म्हणाले.

सगळ्यांचे डोळे कळ्यांवर खिळले. रावजींचा धाकटा मुलगा सर्वेश मोबाइल उंच धरून उभा होता. समईची ज्योत वाकली, देवीच्या साडीचा काठ थरथरला, आणि उजवीकडची कळी टप्पकन खाली पडली.

काकू तेवढ्या पंख्याकडं बघत होत्या. त्यांना उकाड्यात चक्कर यायची, म्हणून त्या वारा शोधत उभ्या होत्या.

"रावजी," त्या म्हणाल्या, "पंखा बंद करून परत लावा कौल. तो इकडं वळला तेव्हा कळी पडली."

मागून कुणीतरी खिदळलं. "काकू, देवी काय पंख्याचं ऐकते?"

"आजवर कौल लावताना कधी पंखा चालू होता? मी कळ्या देते दुसऱ्या."

"देवीनं दिलान तो दिलान," रावजी शांतपणे म्हणाले. "परत विचारायचं म्हणजे तिच्यावर विश्वास नाही. तुम्ही पंखा बघितलात, एवढ्या माणसांनी कळी बघितली. आता कुणाचं खरं धरायचं, सांगा?"

गंगुबाई देवळाच्या पायरीखाली उभी होती. तिला वर घेतलंच नव्हतं.

दुपारपर्यंत तो व्हिडिओ वाडीच्या ग्रुपवर गेला आणि तिथून मुंबईला. खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली. गावकीनं गंगुबाईला वाळीत टाकलं. तिच्याशी बोलायचं नाही, तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, तिला कार्याला बोलवायचं नाही. ऋत्विक औषधानं चार दिवसांत खेळायला लागला. औषधाची बाटली श्रद्धाच्या खिडकीत सगळ्यांना दिसेल अशी होती. पण बाया म्हणाल्या, "बघा, तिला बंद केली आणि पोर उठलं."

काकूंनी नितेशला मुंबईला फोन लावला.

"आई, असं वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे. गुन्हा आहे तो."

"मग तू ये. आपण जाऊ पोलिसात."

"आई, तू कशाला मध्ये पडतेस? उद्या आपल्यालाही वाळीत टाकतील. गणपतीला यायचंय आम्हाला. दिशा आजीकडं यायचे दिवस आत्तापासून मोजतेय."

काकूंनी फोन ठेवला. मग सर्वेशला त्यांनी विहिरीच्या वाटेवर गाठलं. "तो व्हिडिओ दाखव मला. कळी सोड. साडीचा काठ बघ."

त्यानं व्हिडिओ लावला. पंखा त्यात कुठंच आला नव्हता. पण ज्योत वाकायची, काठ थरथरायचा. थांबायचा. परत ज्योत वाकायची, परत काठ थरथरायचा. आणि तशाच एका थरथरीत कळी पडली. सर्वेशनं ते मागं नेऊन परत बघितलं, आणखी एकदा बघितलं. त्याचा चेहरा उतरला.

"दिसलं?"

"दिसलं, काकू."

"मग सांग बापसाला."

"मी?" त्यानं मोबाइल खिशात टाकला. "घरात राहायचंय मला, काकू. वहिनी रोज देवीला दिवा लावते. आता कौल पंख्यानं पडला म्हणून सांगू तिला?" तो दोन पावलं गेला आणि वळून म्हणाला, "गंगूआजीला सांगा, मला दिसलं म्हणून." आणि झपझप निघून गेला.

इतकी वर्षं काकूंना वाटत आलं होतं, की माणसाला नीट दाखवलं तर त्याला दिसतं, आणि दिसलं की तो मानतो.

गणपतीला नितेश आला. घरचे आरतीत गुंतलेले पाहून काकूंनी सहा वर्षांच्या दिशाचा हात धरला आणि भर दुपारी गंगुबाईच्या पडवीची पायरी चढल्या. कुणी बघत असेल तर बघू दे. पडवी सारवलेली नव्हती. यंदा गंगुबाईनं त्या दिवसानंतर रातांबे फोडलेच नव्हते. झाडाखाली नुसत्या बिया कुजून पडल्या होत्या.

"गंगू, नातीला प्रवासाचा शीण आलाय गो. दृष्ट काढ तिची." काकूंनी पदराच्या गाठीतून मीठ-मोहऱ्या काढून पायरीवर ठेवल्या. "आणि ऐक, ती कळी वाऱ्यानं पडली. सर्वेशनं बघितलंन. त्यानंच सांगायला सांगितलंन तुला."

गंगुबाईनं दिशाकडं डोळे भरून बघितलं. हसली. पुढं झुकली. मग एकदम मागं सरकली आणि दोन्ही हात पदराखाली लपवले.

"नको, द्वारके. घेऊन जा तिला."

"का गो?"

"एवढ्या माणसांनी बघितलंनी. सगळी खोटी कशी असतील?" तिचा आवाज अगदी साधा होता, रोजचं काही बोलावं तसा. "माझ्या हाताला काय असलंच तर? मला काय ते आतून दिसतंय थोडंच?"

"अगो, वेडी का तू? मी शेजारी बसले होते ना!"

"तू माझी हायस. तुला दिसणार नाही."

दिशानं आजीकडं बघितलं. तिला काही कळत नव्हतं. काकूंनी गंगुबाईचे हात पदरातून ओढून काढायचा प्रयत्न केला. पण ते सत्तरीतले हात असे घट्ट मिटले होते, की सुटेनात. शेवटी काकू तिथंच, तिच्याशेजारी, पायरीवर बसून राहिल्या. दमट हवेत मिठाला पाणी सुटलं आणि मोहऱ्या एकेक करून घरंगळत खाली गेल्या.

तो व्हिडिओ वाडीतल्या फोनांवर अजून आहे. कुणाला शंका आली तर दाखवतात. त्यात देवी दिसते, कळी पडताना दिसते, हात जोडलेली माणसं दिसतात. गंगुबाई त्यात कुठंच नाही.