ओटी न चढणाऱ्या माणसाचा अँटेना

मित्रांनो, मी एक जुना अँटेना आहे. गास गावातल्या एका वाडीत, विहिरीच्या पंपाच्या खोलीमागे पडलो आहे. माझ्या दांड्यावर तोंडलीचा वेल चढला आहे. इतक्या मायेने मला आजवर कुणी धरलं नव्हतं, म्हणून त्या वेलाला मी काही बोलत नाही. बाकीच्यांना बोलणार आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या खोक्यावर छापलं होतं, 'लांबचं वाय-फाय जवळ आणतो'. ते वाचून फ्रेडरिक सरांनी मला घेतलं. सर गणिताचे निवृत्त शिक्षक, राहायला एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये. निवृत्तीनंतर त्यांनी एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची कॅराव्हॅन करून घेतली होती. आत दोन बिछाने, शेगडी, घडीचं टेबल. टपावर एक बांबू बांधला आणि बांबूच्या टोकाला मला.

आता मला घेतलं कशासाठी, ते ऐका. ही वाडी सरांच्या वडिलांची. आई गेल्यावर घर आणि वाडी धाकट्या भावाच्या, टोनीच्या वाट्याला गेली आणि सरांच्या वाट्याला राग आला. "त्या घराची ओटी मी पुन्हा चढणार नाही," असं ते चर्चच्या आवारात चारचौघांत बोलून बसले. पुढे टोनीने वाडीत मुंबईच्या पाहुण्यांच्या कॅराव्हॅन उभ्या करायला जागा केली, दिवे दिले, वाय-फाय दिलं. नाताळ तर सरांना गावातच हवा. मग ते पाहुण्यासारखे यायचे, भावाला भाडं द्यायचे आणि गाडी लावायचे थेट वाडीच्या टोकाला, केळीच्या आड. तिथून घर दिसत नसे, हीच त्या जागेची थोरवी.

पण वाडीत मोबाईलला धड रेंज नव्हती, आणि वाय-फायला असले रुसवेफुगवे कळत नाहीत. राऊटर होता टोनीच्या ओटीवर. केळीची पाणीदार पानं त्याच्या लहरी गिळायची आणि उरलेल्या लहरी कॅराव्हॅनच्या पत्र्यावर आपटून परत जायच्या. मी वर उभा राहिलो, केळीच्या शेंड्यांवरून ओटीकडे तोंड केलं आणि लहरी ओढून गाडीतल्या वाय-फायच्या डबीत सोडू लागलो. त्या दिवशी सरांनी माझी पाठ थोपटली. "बघ ॲंजेला, कुणाच्या दारात जायची गरज नाही!"

ॲंजेलाकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, नुसत्या हसल्या. नवऱ्याचा शब्द राखायचा म्हणून त्याही ओटी चढत नसत. गुडघे दुखत होते, तरी त्या टेबलाशी बसून एक पांढरा झगा शिवत होत्या. दुबईला त्यांच्या मुलीला, एलिसाला, बाळ झालं होतं. आपल्या लग्नातल्या गाऊनचं कापड काढून काकूंनी नातीच्या बाप्तिस्म्याचा झगा केला. टाका नीट पडला नाही की उसवायच्या. झगा दुबईला गेला आणि काकूंचा जीव माझ्यावर टांगून राहिला. नाताळच्या आधीच्या शनिवारी बाप्तिस्मा फोनवर दिसणार होता. काकूंना नात त्या झग्यात बघायची होती, बास.

शुक्रवारी टोनीने घरावर नाताळचा तारा चढवला. छान होता, कागदाचा. सरांना तो बघवेना. त्यांनी तेलाचे डबे कापले, पत्र्याचा भला थोरला तारा केला, वर चंदेरी कागद डकवला. आणि वाडीत सर्वांत उंच बांबू कुणाचा? माझा! भावाला नीट दिसावा म्हणून तारा घराच्या बाजूला, अगदी माझ्या तोंडासमोर बांधला. मला माणसासारखा आवाज असता तर ओरडलो असतो. शाळेत वर्षानुवर्षं गणित शिकवलेल्या माणसाला, पत्र्यातून लहर जात नाही एवढं सुचलं नाही. चढाओढीत कुणाला काय सुचतं?

शनिवारी काकूंनी नवी साडी नेसून फोन टेबलावर उभा केला. दुबईतलं चर्च दिसलं, मेणबत्ती दिसली आणि चित्र गोठलं. सर टपावर चढून मला इकडे पिळ, तिकडे पिळ करू लागले. केळीतून टोनी धावत आला.

"दादा, ओटीवर या ना! तिथं स्वच्छ दिसतंय. वहिनी, चला."

"माझ्याकडे अँटेना आहे," सर टपावरून म्हणाले.

"अहो, आता फादर पाणी घालतील तिच्या डोक्यावर," काकू खालून म्हणाल्या.

"थांब जरा! येतंय!"

येत नव्हतं. शेवटी काकू उठल्या. नवऱ्याकडे न बघता टोनीचा हात धरून, गुडघे ओढत निघाल्या. सर टपावर तसेच राहिले.

बऱ्याच वेळाने काकू एकट्या परत आल्या.

"दिसली?" सरांनी विचारलं.

"दिसली. झगा उतरवला होता. ओला झाला म्हणे. स्वेटर घालून झोपली होती पोर."

सरांनी काय करावं? मला उपटलं. "भिकार माल!" म्हणून फेकलं. तारा मात्र नाताळभर झळकला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने त्याचं कौतुक केलं. पुढे नवा, महागडा अँटेना आला. त्याचीही पाठ थोपटली गेली.

मित्रांनो, यंत्र बिघडलं असं म्हणण्याआधी त्याच्या तोंडासमोर आपण काय बांधलंय ते एकदा बघत जा. आणि चालत जाण्याजोगी वाट असेल तर आमच्यासारख्यांना विकत घेऊ नका. हल्ली नाताळला काकू सकाळीच टोनीच्या ओटीवर जाऊन बसतात, नातीशी पोटभर बोलतात. नात आता बोलायला लागली आहे. "आजोबा कुठे?" असं तिने विचारलं की काकू म्हणतात, "आहेत बाळा, इथेच आहेत," आणि दुसरं काहीतरी बोलू लागतात.